दोनवरची भिंत

कल्पना करा बरं. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. तुमच्या तळहातावर एक जाडजूड कॅल्क्युलेटर आहे. साधा नाही, आलेख काढणारा. त्याचा पडदा तुमच्या तीन बोटांएवढा. आता पडद्याला अगदी नाक लावा. दिसले? बारीक बारीक चौकोन आहेत, मुंगीला बसायला पाट मांडावेत तसे. यंत्र काय करतं, तर पाटांच्या एकेका उभ्या रांगेसाठी एक संख्या घेतं, हिशेब करतं, एक ठिपका पेटवतं. मग शेजारच्या रांगेत जाऊन दुसरा ठिपका पेटवतं. आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये सरळ रेघ ओढून मोकळं होतं. मध्ये खरोखर काय आहे, हे ते बघत नाही. बघायला तिथे पाटच नसतो.

एवढं ध्यानात ठेवलंत की झालं. आता त्या मुलीकडे वळू.

वर्गात तिला सगळे ‘नवी’ म्हणायचे. शाळेत येऊन तिला चांगले काही महिने झाले होते, तिचे बूट जुने झाले, दप्तराचा बंद तुटून पुन्हा शिवून झाला, पण नाव नवंच राहिलं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कंपनी पाठवील त्या गावी जायचं, असा त्यांचा संसार. या वेळी आजोबा आजारी, म्हणून आई धाकट्या भावाला घेऊन मागेच राहिली होती. इथे दोन खोल्या, खाली कपडे धुण्याचं दुकान, आणि जमिनीतून दिवसभर येणारी यंत्रांची घरघर. बाबा कामावर गेले की त्या घरघरीशिवाय बोलायला कोणी नसायचं.

“झाली का एखादी मैत्रीण?” त्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी भरता भरता बाबांनी विचारलं.

“होईल.”

“मी सांगतो उपाय. लिफ्टमध्ये अडक. अडकलेली माणसं अर्ध्या तासात एकमेकांच्या मावशीच्या लग्नापर्यंत पोचतात. रोज बघतो मी.”

“आमच्या शाळेला जिनाच आहे, बाबा.”

“मग अवघड आहे बुवा,” बाबा म्हणाले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून निघाले. जिना उतरताना पिशवीतले पाने खणखणत गेले. तो आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकून मगच तिने दार लावलं.

गणिताच्या तासाला कॅल्क्युलेटर शाळेचेच मिळायचे, दोघांत एक. वर्गातली मुलं विषम. सगळ्यांच्या जोड्या लागल्या की एक जण उरायचं, आणि कोण उरायचं ते सांगायला नकोच. “मजा आहे बाबा एकीची, अख्खं यंत्र!” असं कोणीतरी म्हणायचं. ती हसायची. अख्ख्या यंत्राची मजा अशी असते की, कोणी घाई करत नाही, कोणी हातातून ओढून घेत नाही, आणि कोणी “बघू, बघू” पण म्हणत नाही.

मग ती यंत्राशीच खेळत बसायची. आलेखावर कर्सर सरकवला की खाली आकडे उमटायचे, पण कसले? १.९१४८९३६! असल्या दाढीवाल्या आकड्यांचा तिला कंटाळा यायचा. म्हणून पडद्याची हद्द कमीजास्त करून करून तिने एक माप शोधलं होतं. उणे ९.४ पासून ९.४ पर्यंत. त्या मापात कर्सर शहाण्यासारखा चालायचा. १.६, १.८, २, २.२. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. आवडायचं, एवढंच.

गणिताच्या बाईंची एक पद्धत होती. आठवड्याच्या शेवटच्या तासाला त्या फळ्यावर एक समीकरण लिहायच्या आणि अख्ख्या वर्गाने मिळून आलेखाचा एकच कागद द्यायचा. सगळ्यांचं एकमत झालं, तर तासाची उरलेली वेळ मैदानावर. मत फुटलं, तर घंटा होईपर्यंत वर्गात बसून वाद घालायचा. बरोबर की चूक, हे बाई तेव्हा सांगायच्याच नाहीत. कागद घरी नेऊन तपासायच्या. आता मुलंच ती, तुमच्यासारखी. त्यांचं नेहमी पटकन एकमत व्हायचं.

त्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी पुढच्या बाकावरची बडबडी मागे वळली. बडबडी म्हणजे व्हॉलीबॉलच्या संघाची कर्ताकरविती.

“ए नवे, आमच्यातली एक ताप येऊन घरी बसली आहे. खेळशील आज?”

नवीने आधी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

“मी?”

“नाही, तुझी सावली! येशील का सांग. सर्व्हिस येते?”

“येते,” ती म्हणाली. जुन्या गावात यायची, इथे कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, वाय बरोबर एक भागिले, कंसात, एक्स वजा दोन. खटाखट बटणं वाजू लागली. पडद्यांवर आलेख उमटला. डावीकडून एक रेघ येत येत दोनपाशी खाली बुडते, आणि पलीकडे दुसरी रेघ वरून घसरत येऊन उजवीकडे आडवी होते. आणि दोघींच्या मध्ये, बरोब्बर दोनपाशी, एक उभी भिंत.

“झालं! भिंत काढा, चला,” बडबडी ओरडली. तिने मोठा कागद पुढे ओढून पट्टीने भिंत आखलीसुद्धा.

नवीच्या पडद्यावर भिंत नव्हती.

तिने पुन्हा समीकरण घातलं. पुन्हा तेच. दोन्ही रेघा होत्या, मधली जागा मोकळी. कर्सर सरकवला. १.८ ला उणे पाच. २.२ ला पाच. आणि दोनवर? वाय समोर काहीच नाही. कोरं. तिने आकड्यांचा तक्ता उघडला. दोनच्या समोर यंत्राने ‘चूक’ अशी पाटी लावली होती. बरोबरच होतं. दोनमधून दोन गेले, शून्य उरलं, आणि शून्याने भागायचं कसं?

तिने वाकून शेजारच्या लंबूच्या पडद्यात पाहिलं. त्याची जोडीदारीणच तापाने घरी होती, म्हणून आज त्याच्याकडेही अख्खं यंत्र होतं. त्याने यंत्राचं नेहमीचंच माप ठेवलं होतं, उणे १० पासून १० पर्यंत.

“जरा कर्सर सरकव ना दोनपाशी.”

“कशाला?” म्हणत लंबूने सरकवला. १.९१४८९३६. पुढचं बटण. २.१२७६५९६.

“बघ, दोनवर थांबतच नाहीये तो! वरून उडी मारतोय. अलीकडचा ठिपका खाली, पलीकडचा वर, आणि यंत्राने मध्ये रेघ ओढली. ती भिंत खरी नाही.”

लंबूने कर्सर पुन्हा एकदा मागेपुढे करून पाहिला. मग त्याने आवाज खाली आणला. “असेल. पण गप बस की. बाहेर ऊन किती छान पडलंय.”

बडबडीने ऐकलंच होतं. “पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर अख्खा वर्ग भिंत म्हणतोय. तुझंच यंत्र बिघडलं असेल. आणि तुला खेळायचंय ना?”

खेळायचं होतं. इतकं खेळायचं होतं की तिच्या पोटऱ्या आतापासूनच शिवशिवत होत्या. आणि भिंत काढायला लागणार होतं काय? काहीच नाही. ती तर काढून झाली होती. तिने फक्त हात वर करायचा होता.

“एकमत?” बाईंनी विचारलं.

हातांचं रान उगवलं. नवीनेही हात वर केला. सगळ्यांच्या हातांत आपला हात बघताना तिला कसं छान वाटलं म्हणून सांगू! शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच तो कुठल्यातरी रांगेतला हात होता.

बाई कागद घ्यायला पुढे आल्या. मुलं उठायला लागली, बाकं करकरली. नवीच्या पुढ्यात तक्ता अजून उघडाच होता. तिने तो बंद केला. तरी दोनवर काय आहे, ते तिला ठाऊकच होतं.

हात खाली आला.

“बाई, दोनवर काहीच नाहीये.”

“झालं कल्याण,” कोणीतरी म्हणालं. बाकं पुन्हा करकरली, या वेळी बसण्याची. बाईंनी तिला पुढे बोलावलं. तिने सांगितलं, अडखळत, ठिपक्यांचं, उडीचं, शून्याचं. निम्म्यांनी कर्सर सरकवून पाहिला आणि त्यांना ते दिसलं. निम्म्यांनी पाहिलाच नाही, ते खिडकीबाहेर बघत बसले. बाई मधे एक शब्द बोलल्या नाहीत. ती त्यांची पद्धत होती, पण त्या दिवशी नवीला ती फार जाचली. घंटा होईपर्यंत भिंत पुसली गेली, पण शाबासकी कोणी दिली नाही.

दारात बडबडीने तिला गाठलं. ती रागाने लाल झाली होती.

“बरोबर असेल गं तुझं. पण पुढच्या वेळी सांगितलं असतंस, तर ती भिंत काय अंगावर पडणार होती का?”

याला उत्तर काय देणार? तुम्हाला सुचलं तर सांगा, मलाही हवंय.

वर्ग रिकामा झाला. तिने सगळ्यांचे कॅल्क्युलेटर कपाटात नीट लावले, खरं म्हणजे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग जिना उतरली. शाळा सुटली होती, तरी मैदानावर जाळी लागलेली होती. बडबडीची माणसं बस येईपर्यंत एक डाव खेळून घेत होती. एका बाजूचा मागचा कोपरा रिकामा होता. चेंडू तिकडे गेला की दोघं तिघं एकदम धावायची, एकमेकांवर आदळायची, आणि चेंडू लांब घरंगळत जायचा.

फाटक डावीकडे होतं. घरी खाली यंत्रांची घरघर असणार, वर कोणी नसणार. बाबा यायला अजून अवकाश होता.

ती फाटकाकडे चार पावलं गेली. थांबली. दप्तर काढून तिने मैदानाच्या कडेला दप्तरांच्या ढिगावर ठेवलं. कोणी तिला हाक मारली नव्हती, कोणी हातही केला नव्हता. बडबडीने तिला पाहिलं आणि मान फिरवली.

जाळीखालून न जाता ती मैदानाला वळसा घालून गेली, त्या रिकाम्या कोपऱ्यात उभी राहिली आणि गुडघे जरासे वाकवून तिने दोन्ही हात पुढे धरले.