मधल्या भिंतीतली खिडकी

“स्वाती, खिडकी बुजवू नको वं, पस्तावशील,” असं शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं.

भंडाऱ्याच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात दोन घरांत भिंत एकच आणि तिच्यात हातभर खिडकी असायची. मागावर बसल्या बसल्या बाया तिथून शेजारणीकडे विणताना सूत नेणारा धोटा मागायच्या. पुढे माग गेले, स्लॅबची घरं झाली, खिडक्या बुजल्या. मलाही ओट्यामागे टाइल्स हव्या होत्या.

मिस्त्री सोमवारी येणार होता. रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि माझ्या अडीच वर्षांच्या कुंदननं आतून खालची कडी लावली. गॅसवर दूध होतं. मी दार बडवलं तसा तो आणखीच रडायला लागला. तेवढ्यात कुसुमताईंनी खिडकीतून हात घालून गॅस बंद केला.

“रडून काहून राहिला, राजा? कडी सरकव, मंग लाडू देतो तुले.”

दार उघडलं. मी कुंदनला छातीशी धरलं.

“एवढी कॉलेज शिकली, खिडकी कायले असते हे नाही शिकवलं का वं?” त्या हसल्या.

टाइल्स लागल्या, पण खिडकी सोडून. गल्लीत आता आमची एकच उरली आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तीच दाखवते.

सध्या मी दुसऱ्या बाळंतपणासाठी तुमसरला माहेरी आहे आणि आमच्या घराला कुलूप आहे, खिडकीतून डोकावायला कुणी नाही. कुसुमताई एकट्याच राहतात. परवापासून फोन उचलत नाहीत. तुम्ही भंडाऱ्यात असाल, तर कोष्टीपुऱ्यात कुणालाही त्यांचं घर विचारा आणि दारात एक हाक मारून पाहा ना.