कठडा झालेला भाला

मी भाला बोलतोय, ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यातला, म्हणजे घोडदळातला. रडगाणं गायची मला सवय नाही. झालं ते सांगतो.

माझी काठी भरीव बांबूची. सुभेदार उमाजीरावांनी मला घोड्यावरून वागवलं. नोकरी संपली तेव्हा मी त्यांनाच बक्षीस मिळालो आणि किला गेटजवळच्या त्यांच्या घरात भिंतीवर चढलो. पुढे संस्थान विलीन झालं, रिसालाही मोडला.

त्यांचा मुलगा कान्होजी पोलिसांत घोडेस्वार झाला. एकदा घोडा घसरला आणि तो पाठीवर आपटला. कमरेखालचं अंग गेलं.

डॉक्टर दिनकरराव घरी येत. म्हणाले, "मणक्यातली दोरी पुरती तुटलेली नाही. पायांना हुकूम जायची जुनी वाट मोडलीय. रोज उभं केलं, पाय चालवले, तर उरलेल्या धाग्यांतून शरीर दुसरी वाट पाडू शकतं. सोडलंत तर तीही बुजेल."

धरायला कठडा हवा होता. कान्होजीच्या बायकोनं, अनसूयेनं, मला उतरवलं. पातं काढून अंगणातल्या खांबांना आडवं बांधलं. समोर जोडीला बाजारातला साधा बांबू. मी त्याच्याशी बोलत नसे.

कान्होजी आम्हाला धरून उभा राहायचा, डॉक्टर त्याचे गुडघे सांभाळायचे. त्याच्या तळहातांचा घाम माझ्यात मुरला. घोड्याला द्याव्यात तशा तो पायांना शिव्या द्यायचा, "हल रे, हरामखोरा!"

एका सकाळी उजवा अंगठा हलला. अनसूया पायाशी वाकली, म्हणाली,

"पुन्हा."

पुन्हा हलला.

मग राज्यांची फेररचना आली. कचेऱ्या नव्या राजधानीला, भोपाळला निघाल्या, डॉक्टरांचीही बदली झाली. जाताना बजावून गेले, "खंड पाडू नका." मग गुडघे अनसूया सांभाळू लागली.

दसऱ्याला शेजारी सोनं द्यायला आले. माझ्यावर धोतर वाळत होतं. एक जण हसला, "सूबेदार साहब, भाले पे धोती सुखाते हो?"

उमाजीरावांनी तेव्हाच मला सोडवलं, पातं बसवलं, हळदकुंकू वाहून भिंतीवर टांगलं. "शस्त्र आहे ते. लंगड्याचा कठडा नव्हे."

कान्होजीनं ऐकलं.

अनसूया हळूच म्हणाली, "मी दुसरा बांबू आणते."

"नको. आबा काय म्हणाले, ऐकलंस ना?"

तो पुन्हा उभा राहिला नाही. अनसूया पायांना तेल चोळायची, अंगठ्याकडे बघत बसायची. आधी तो हलायचा, मग नुसता थरथरायचा. थंडी पडेपर्यंत तेही थांबलं. पाय काठीसारखे ताठले.

एकदा उमाजीराव खाटेपाशी आले. "कान्हू, उठ की रे. प्रयत्न तरी कर."

"लंगडा कुठे उभा राहतो, आबा?"

म्हातारा बाहेर निघून गेला.

आता दर दसऱ्याला माझी पूजा होते. पातं चकाकतं. काठीवर कान्होजीच्या पंजांनी गुळगुळीत झालेली जागा आहे, तिथं कुणी हात लावत नाही. अंगणात तो साधा बांबू एकटाच कपडे वाळवतो. मला त्याचा हेवा वाटतो.

अनसूये, मला उतरवायचा धीर होत नसेल तर राहू दे. बाजारातून दुसरा बांबू आण, अंगणातल्या बांबूसमोर बांध. कान्होजी चिडेल, शिव्या देईल. देऊ दे. पण त्याला उभा कर.

मी काही म्हणणार नाही. वरून बघेन.