वन्संच्या वजनाच्या पिशव्या

आमच्या घरात रागीट कोण असं विचारलंत, तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवू देत. शर्यतीच्या ट्रॅकला लागूनच आमचं गॅरेज आहे आणि तिथे मी महागड्या स्पोर्ट्स गाड्यांचं सस्पेन्शन लावते. स्प्रिंग किती दाबायची, धक्के झेलणारा शॉक किती कडक ठेवायचा, ही कामं गोडगोड बोलून होत नाहीत. गाडी पळवून बघायचं काम वन्संचं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचं. आमचे हे पडेल ते करतात आणि उरलेल्या वेळात खातात. एवढा पहिलवान गडी, पण बहिणीच्या लेखी अजून बाळ्याच.

गेल्या हंगामात ट्रॅकच्या शेवटच्या उजव्या वळणावर वन्सं घसरल्या आणि गाडीसकट भिंतीवर गेल्या. मांडीचं हाड मोडलं. त्या बऱ्या होईपर्यंत त्यांच्या जागी हे चालवायचे, तेही कुरकुरत, कारण वळणांवर यांच्या पोटात ढवळतं. आज वन्सं पहिल्यांदा परत आल्या होत्या. काम होतं एका करड्या, जमिनीला टेकल्यासारख्या बसक्या गाडीचं. तिच्या मालकांना हंगामभरासाठी वन्संच हव्या होत्या. पण वन्संनीच सांगितलं होतं, सकाळी चालवून बघते आणि दुपारी तुम्ही आलात की हो-नाही सांगते.

सकाळभर त्या चकरा मारत होत्या आणि दर वेळी तीच तक्रार घेऊन परत येत होत्या. डावीकडे गाडी म्हणाल तशी वळते, पण उजवीकडे मागचं अंग सुटून घसरतं. मी टायरमधली हवा बघितली, शॉक बघितले, चारही चाकं पुन्हा वजनकाट्यांवर चढवली. भार जिथल्या तिथे होता. माझं डोकं तापलं आणि तोंडातून निघून गेलं, की गाडीत काही खोट नाही. बोलले आणि लगेच जीभ चावली.

वन्संनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "मग खोट माझ्यात आहे गं. मनात भीती बसलीय. मालकांना सांग, बाळ्या चालवेल."

हे चहा आणतो म्हणाले आणि सटकले. वन्सं दाराशी खुर्ची ओढून ट्रॅककडे पाठ करून बसल्या. ती पाठ बघून मला रडूच यायला लागलं. आणि मला रडू आलं, की मी आवराआवर करते.

पहिली गाठ पडली ती पिशव्यांशी. गाडीचा भार मोजताना चालवणाऱ्याचं वजनही धरावं लागतं. पण माणूस किती वेळ नुसता बसून राहणार? म्हणून त्याच्या वजनाइतकी वाळू पिशव्यांत भरून, पट्ट्याने बांधून आम्ही सीटवर ठेवतो. यांनीच सकाळी ते ओझं आणून ठेवलं होतं. मी दोन्ही हात खाली घातले, कंबर आवळली आणि उचलायला गेले. ओझं हलेना.

पुन्हा जोर लावला. छे! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा वन्संना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर मीच उचलून ठेवायचे. त्या मला शिव्या घालायच्या, मी त्यांना. त्यांचं वजन माझ्या कमरेला तोंडपाठ होतं. हे ओझं वन्संचं नव्हतंच. हे आमच्या ह्यांचं होतं.

मी अशी हाक मारली की हे चहा तिथेच टाकून धावत आले. पिशव्या कुणाच्या, एवढंच विचारलं. यांचा चेहरा उतरला. इतके महिने स्वतःच्याच पिशव्या ठेवायची सवय, हात आपोआप तिकडेच गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी गाडीच्या पोटात शिरून खोट शोधत होते आणि खोट सीटवर ऐसपैस बसली होती. यांच्या वजनाला बेतलेल्या गाडीत, उजवीकडच्या सीटवर आमच्या काटकुळ्या वन्सं. मागचं उजवं चाक हलकं पडून गाडी सुटणार नाही तर काय? मी यांना जे काही बोलले ते सांगत नाही. मग हे हळूच म्हणाले, काट्यावर न ठेवता तुला कळलं कसं?

"वन्संना उचललंय मी," मी म्हणाले.

वन्संनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्या उठल्या, हातमोजे घातले आणि स्वतःच सीटवर जाऊन बसल्या. मी चारही स्प्रिंगा नव्याने बेतेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

गाडी ट्रॅकवर गेली तेव्हा आम्ही दोघं कुंपणाला चिकटून उभे होतो. ते उजवं वळण आलं आणि मी डोळे मिटून घेतले. इंजिनाचा आवाज जराही अडखळला नाही. डोळे उघडले तर हे डोळे पुसत होते. मालक आले तेव्हा त्यांना हो म्हणायला वन्संना श्वास घ्यायचीही गरज पडली नाही.

ते गेल्यावर वन्संनी पलीकडचं दार उघडलं आणि मला बस म्हणाल्या. मी आजवर कधी ट्रॅकवर गेलेले नाही. गाड्या लावते, पण वेगाची मला धडकी भरते आणि ही गोष्ट घरात फक्त वन्संना ठाऊक आहे. मी म्हटलं, मी बसले तर एवढ्या खपून लावलेल्या भाराचं वाटोळं होईल.

"होऊ दे," वन्सं म्हणाल्या. "आता तुझं वजन मी सांभाळते."

मी बसले.