केसभर वर राहिलेलं कार्ड

"ही म्हातारी मध्येच घुरघुरते आणि माझ्या राजपुत्राला दमा होतो!" कुरकुरत ताई ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर आल्या. म्हातारी म्हणजे मामा सांभाळायचे तो, सगळी वाचनं साठवणारा सर्व्हर. अंधांसाठी पुस्तकं वाचून ठेवणाऱ्या त्या ग्रंथालयात ताईंचा आवाज, मामा आणि म्हातारी, तिघंही पहिल्या दिवसापासूनचे.

"घुरघुरू दे. आज तिचं पोट मोठं करतोय," मामा म्हणाले.

जागा पार संपली होती आणि डिस्क जोडायचं आतलं जुनं कार्ड मोठ्या डिस्क ओळखायचंच नाही. म्हातारी जिच्यावर चालायची त्या लिनक्स प्रणालीला मशीनच्या वयाचं काही वाटत नाही, अशी मामांची खात्री. म्हणून नवं मशीन न घेता त्यांनी मोठ्या डिस्क आणि नुसतं नवं कार्ड मागवलं होतं. ते चाललं नाही, तर नव्या पुस्तकांसाठी जुनी वाचनं पुसायची, असं ग्रंथपालबाईंनी नाइलाजाने ठरवलं होतं.

मामांनी मशीन बंद करून झाकण काढलं. स्क्रू कुणीतरी आधीच सैल करून ठेवले होते. हल्ली असंच व्हायचं. चहा यायचा तो अर्धा कप, सहीच्या जागी शिक्का चालायचा, आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही. मामांना सगळं कळायचं. ही माणसं आपल्याला तळहातावरच्या फोडासारखं जपतात, हे घरी जाताना रोज त्यांच्या मनात यायचं. बायकोलाही हे सांगायला त्यांना जमलं नव्हतं.

कार्ड खाचेवर धरून त्यांनी दाबलं, मशीन चालू केलं. पडद्यावर जुन्या डिस्क तेवढ्या आल्या. पुन्हा बंद करून काढलं, पुन्हा बसवलं. तेच.

"कार्डच टाकाऊ दिसतंय मेलं," ताई घाईघाईने म्हणाल्या.

"नाहीतर खाच झिजली असेल," ग्रंथपालबाईंनी री ओढली. "जाऊ दे मामा, परत पाठवू. पुसायचं काय ते मी बघते."

"माझंच पुसा आधी. सुरुवातीचं. तेव्हा मी स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाचायचे." ताई हसल्या, पण मामांकडे काही त्यांनी पाहिलं नाही.

मामांनी आत वाकून बघितलं. कार्डाची सोनेरी कड एका बाजूला केसभर वर राहिली होती. सरळ धरून एका दमात दाबलं की कट्ट वाजतं. ते आज वाजलंच नव्हतं. आणि त्यांची अब्रू राखायला ही बाई स्वतःचा आवाज पुसायला निघाली होती.

त्यांनी मशीन बंद केलं.

"ताई, अंगठी काढा आणि इकडे या."

"मी? अहो, मला काय कळतंय त्यातलं!"

"मी सांगतो ना. दोन्ही अंगठे वरच्या कडेच्या टोकांवर. फार सांभाळलंत तुम्ही सगळ्यांनी मला, उपकार आहेत. पण कार्ड चांगलं आहे, खाचही चांगली आहे. माझे हात थरथरतात."