न कापलेली लाल फीत

मी कात्री बोलतेय. घाबरू नका, आज तोंड उघडलंय ते कापायला नव्हे, मन मोकळं करायला. जातीची मी तोडणारी, पण माझं अख्खं आयुष्य माणसं जोडण्यात गेलं.

तुर्कस्तानातल्या सिवास गावच्या लोहाराने मला घडवलं आणि माझ्या मुठीवर पितळेची वेल चढवली. नाझमिये नावाच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी मला विकत घेतलं आणि तिच्याच पाठोपाठ मी इझमीरला, तिच्या नवऱ्याच्या, रुश्तूंच्या घरी आले. आमच्याकडे साखरपुड्याच्या दोन अंगठ्या लाल फितीच्या दोन टोकांना बांधतात. त्या दोघांच्या बोटांत चढवायच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्याने मधोमध फीत कापायची. ती कापली की नातं पक्कं झालं.

पण कापणारा आधी थोडी नाटकं करतो. मला फितीला लावतो आणि तोंड पाडून म्हणतो, कात्री कापत नाही हो. मंडळी हसत हसत तबकात नोटा टाकतात, की माझी धार लगेच परत येते. चारचौघांत बोथट म्हणवून घ्यायचा मला राग यायचा, पण लग्नघरची थट्टा कोण मनावर घेतं?

या नाटकात रुश्तूबाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुतणे, भाच्या, थोरला मुलगा, सगळ्यांच्या फिती त्यांनीच कापल्या. एरवी मी कपाटाच्या खणात कापसात गुंडाळून पडलेली असे. नाझमिये वारली आणि मला पुसणारंही कोणी राहिलं नाही. धाकटी लेक हांदान तेवढी लग्नाची राहिली होती.

हांदानचं प्रेम शुलेवर. शुले शाळेत चित्रकला शिकवायची. दोघी बरीच वर्षं एका घरात राहत होत्या, शेजाऱ्यांच्या लेखी मैत्रिणी म्हणून. एकदा दोघी लग्नाची नोंद करायला कचेरीत गेल्या, तर तिथल्या बाईंनी विचारलं, नवरे बाहेर थांबलेत का? लग्नाचा हक्क मागायला म्हणून शुले मोर्चात गेली, पोलिसांनी तिला गाडीत कोंबलं, आणि पेपरात आलेला तो फोटो बघून शाळेने तिला घरी बसवलं. तेव्हा हांदान म्हणाली, कागद नाही तर नाही, आपली फीत तरी कापली जाऊ दे. तिने वडिलांपाशी शब्द टाकला. ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "ये घेऊन तिला."

रविवारी दुपारी माणसं जमली. कुणी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून आणला होता. मेलिहा आत्यासुद्धा आली, मी नुसती जेवायला आलेय असं दारातच बजावून. दोघींच्या बोटांत अंगठ्या गेल्या.

रुश्तूबाबांनी मला उचललं. "कात्री कापत नाही," ते म्हणाले.

हशा पिकला. नोटा पडल्या. आत्यानेही पर्स उघडली. "घे रे दादा, आता तरी आण हिला धार."

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा नोटा पडल्या, हसू मात्र कमी झालं. तिसऱ्यांदा कोणीच हसलं नाही. मला तर आधीच कळलं होतं. फीत माझ्या पात्यांत होती, पण त्यांचा अंगठा दाबतच नव्हता. त्यांची नजर खिडकीकडे होती. समोरच्या गच्चीत शेजारी उभे होते. रुश्तूबाबांनी मला तबकात ठेवलं, टोपी घेतली आणि ते घराबाहेर पडले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

एक मैत्रीण म्हणाली, मी कापते. हांदानने तिचा हात धरला. "नको. बाबाच कापतील." मग दोघींनी अंगठ्या तशाच, बांधलेल्या, बोटांतून काढल्या. त्या माझ्या खणात आल्या.

शुलेने वाट पाहिली. शेवटी एक दिवस म्हणाली, "कायद्याच्या दारात मी म्हातारी होईन, हांदान. पण तुझ्या बाबांच्या दारात आता उभं राहवत नाही." ती बर्लिनला निघून गेली. तिने हांदानलाही बोलावलं, पण बाबांचे गुडघे गेले होते. त्यांना एकटं टाकून हांदानचा पाय निघेना. ती माहेरी परत आली. शुलेचं नाव ना तिने काढलं, ना त्यांनी.

मग एका सकाळी रुश्तूबाबा काठी टेकत मला बाजारात घेऊन गेले. धारवाल्याने चिंधीवर मला चालवून पाहिलं. "काका, हिला काय धार लावू? ही तर केस उभा चिरेल."

"लाव," ते म्हणाले. "कापत नव्हती."

दगडावर मी उगाचच झिजले.

घरी येऊन त्यांनी स्वतः तबक काढलं, बांधलेल्या अंगठ्या त्यात ठेवल्या आणि मला शेजारी मांडलं. "हांदान, कात्रीला धार लावून आणलीय. बोलाव तिला."

हांदान भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "तिचं लग्न झालं, बाबा. तिकडेच. गेल्या महिन्यात."

त्यांनी तबकातली फीत बोटाने सरळ केली. मग विचारलं, "फीत कोणी कापली?"

"तिकडे फीत नसते. दोघी सही करतात."

हांदान पुन्हा भाजी चिरायला लागली. तबक बरेच दिवस टेबलावर होतं, मग कुणीतरी ते उचललं.

आता मी खणात आहे. शेजारी त्या दोन अंगठ्या, अजून बांधलेल्या. इतकी धार मला तरुणपणीही नव्हती, आणि ती आता काही कामाची नाही. या घरात मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. तुमच्याही खणात माझी एखादी बहीण असेल. उद्या तुमची पोर हात पुढे करून उभी राहिली, तर त्या बिचारीवर बोथटपणाचं खापर फोडू नका. आम्ही कापतो हो. अंगठा तुम्हाला दाबावा लागतो.