होबाई

मोठीआईची तक्रार एकच होती. या पोरीला नाही म्हणता येत नाही.

पोरगी म्हणजे वॉर्डातली शिकाऊ नर्स. कपड्यांना कडक इस्त्री, आणि आवाज मात्र दाराआडून आल्यासारखा. उशी वर घे म्हटलं, हो आजी. खाली कर म्हटलं, हो आजी. मोठीआईने तिचं नावच होबाई पाडलं होतं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडूनही ते घोटून घेतलं होतं.

तसं ‘हो’ ऐकायची मोठीआईला जन्माची सवय. घरी सुना तिच्या डोळ्याकडे बघून भाजी चिरायच्या. पण न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि इथे येऊन पडल्यावर त्याच ‘हो’ने तिचा घात केला. काल सकाळी ऑपरेशन व्हायचं होतं. पोटात काही जाऊ द्यायचं नाही, अशी पाटीच उशाशी टांगलेली. आणि मोठीआई म्हणाली होती, “चहाशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही. अर्धा कप आण गं. स्वतःच्या आजीला अशी तळमळत ठेवशील का?”

होबाईने आणला.

न्यायला माणसं आली तेव्हा ती आपणहून मोठ्या सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली. “सिस्टर, यांना मी चहा दिलाय. दुधाचा.” कुणी विचारलंही नव्हतं. मोठीआई तर तोंड पुसून मोकळी झाली होती. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. भूल दिल्यावर पोटातलं उलटून छातीत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं, हे मोठीआईला तेव्हा कुठे समजलं आणि ती उसळलीच.

“मी मागेन! म्हातारी आहे, दुखतंय, मी काय वाटेल ते मागेन! हिने द्यायचं कशाला?”

कालच दुपारी मोठ्या सिस्टर होबाईला घेऊन खाटेपाशी आल्या. मोठीआईने डोळे मिटून घेतले. झोपलेल्या म्हातारीसमोर लोक खरं बोलतात, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव.

“तू येऊन सांगितलंस, म्हणून अजून या वॉर्डात आहेस,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “पण चुकलं कुठे, कळलं का?”

“मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, सिस्टर? घरी कधी म्हटलंच नाही.”

“इथे तू त्यांची नात म्हणून येत नाहीस. नातीला आजीचा राग सोसत नाही. नर्सला सोसावा लागतो. उद्या ऑपरेशनला जाईपर्यंत ही खाट तुझीच. पुन्हा असं झालं तर मात्र मला तुला पेशंटजवळ ठेवता येणार नाही.”

“माझ्याऐवजी दुसरी कुणी...”

“नाही. तूच. मी दाराशी असेन, पण मध्ये पडणार नाही.”

मोठीआईने मिटल्या डोळ्यांनीच नाक मुरडलं. झालं, उद्याही हीच!

आज सकाळी घशाला खरंच कोरड पडली. “होबाई, घोटभर पाणी दे.”

“नाही, आजी.”

आवाज दाराआडचाच, पण शब्द निघाला. मोठीआईने मान वळवून नीट बघितलं. “मला नाही म्हणतेस? घरात माझ्यापुढे कुणाची जीभ उचलत नाही!”

“घरात नसेल उचलत. इथे तुम्ही माझ्याकडे आहात.” होबाईने ओल्या कापसाने तिचे ओठ टिपले. “गिळायचं नाही हं.”

तेवढ्यात थोरली सून बाटली उघडत आत आली. “अगं, घेऊ दे ना एक घोट! आईंचा चेहरा बघ कसा झालाय.”

होबाईने तिच्या हातातली बाटली काढून घेतली, झाकण लावलं आणि खिडकीत नेऊन ठेवली. “ताई, रागवा माझ्यावर. पण पाणी मिळणार नाही.”

सून सासूकडे बघत राहिली, आता काय कडाडतंय म्हणून. सासूने नजर छताकडे वळवली. दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत.

होबाई खाली वाकली. “आजी, तहान लागलीय की भीती वाटतेय?”

“भीती? मला?” मोठीआई फिस्कारली. आणि होबाईचं मनगट असं धरलं, की नेणारी माणसं आली तरी सोडलं नाही. होबाई तशीच, एका अंगाने वाकडी होऊन, स्ट्रेचरच्या गाडीबरोबर चालत राहिली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गाडी थांबली.

“आजी, आता सोडा. इथून पुढे आतल्या सिस्टर आहेत.”

मोठीआईने सोडलं. मग बोट उगारलं.

“ऐक गं. काल तू भारी गुणाची पोर होतीस, आणि माझ्या काडीच्या कामाची नव्हतीस. आज उद्धट आहेस, माझ्या सुनेच्या हातातली बाटली हिसकावतेस. अशीच राहा. आणि मी बाहेर आले की पहिला घोट तुझ्याच हातचा घेईन. तोही तू हो म्हणशील तेव्हाच.”