ताईचा श्वास माझ्याकडे आहे

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. कॅसेटमधली नव्हे, त्या माझ्या लेकी. मी ताटाएवढ्या धातूच्या चकतीवर गुंडाळलेली लांबलचक तपकिरी पट्टी आहे. माझ्या अंगावर लोहाच्या बारीक पुडीचा लेप असतो आणि आवाज राहतो तो त्या लेपात. लेप गेला की आवाजही गेला, एवढा माझा नाजूक कारभार.

कारखान्यातून मी आले ती थेट एका छत्री दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या होत्या. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ हिप-हॉपचा आपला पहिला अल्बम करत होते. शब्द ताईचे, ठोके भावाचे. ताईचं बोलणं म्हणजे लाह्या फुटाव्यात तसं. ओळीमागून ओळ सुटायची आणि मग ती एकदम थांबून मोठ्ठा श्वास घ्यायची. भावाने आपल्या मशीनवर ठोके बसवताना तेवढी जागा मोकळी सोडली होती. ताई श्वास घेईपर्यंत ठोका थांबायचा. ती जागा किती हवी, हे त्याला मोजावं लागत नसे.

ध्वनिमुद्रण करायच्या त्या रेकॉर्डिस्टबाई. फार कडक. त्यांचा एक नेम होता. काम झालं की त्या मला परत सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवत नसत, शेवट बाहेर राहू देत. गुंडाळलेल्या टेपेत एका थराचा आवाज शेजारच्या थरावर हलकासा उमटतो. शेवट बाहेर असला तर ती सावली आवाजाच्या मागून येते आणि कानाला खुपत नाही. ऐकण्याआधी मात्र मला सुरुवातीपर्यंत गुंडाळून घ्यावं लागतं. बाईंनी तशी चिठ्ठी लिहून माझ्या खोक्यावर चिकटवली होती.

माझ्यावरून कॅसेटी निघाल्या आणि घरोघर गेल्या. लोकांनी ताईला डोक्यावर घेतलं. मी तेव्हा कंपनीच्या गोदामात ऐटीत बसले होते, खोटं कशाला बोलू? पुढे कॅसेटींचे दिवस गेले, सीडी आली. तोवर खोक्यावरच्या चिठ्ठीचा गोंद वाळून ती कुठेतरी गळून पडली होती. गोदामातल्या एका कारकुनाने मला खोक्यातून काढलं आणि होते तशीच यंत्रावर चढवलं. शेवट बाहेर होता, त्यामुळे मी उलटी वाजू लागले. त्याने अर्धा मिनिट तो गलबला ऐकला आणि खोक्यावर लिहिलं, ‘बिघडलेली. शब्द कळत नाहीत.’

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या एका ओळीने मी अडगळीत गेले. कंपनीने एका वापरलेल्या कॅसेटवरून सीडी केली. कॅसेटची खरखर काढायला आवाज धुऊन घेतला आणि खरखरीबरोबर ताईचे सगळे श्वासही धुतले गेले. पुढे जगभर पसरल्या त्या याच सीडीच्या प्रती. ताई तोवर आजारपणात गेली होती. तक्रार कोण करणार?

बरीच वर्षं लोटली. कंपनी बंद झाली आणि तिची खोकी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात आली. मी तिथल्या दमट हवेत चिकट होत गेले. मला वाटलं, संपलं आपलं.

तिकडे भाऊ म्हातारा झाला होता आणि त्याला ऐकू येईनासं होत चाललं होतं. वर्षभरात उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून त्याची मुलगी, शाळेत शिकवणारी, आत्याच्या अल्बमची चांगली प्रत शोधायला निघाली. इंटरनेटवर ‘सर्वोत्तम दर्जा’ असं मिरवणाऱ्या भल्यामोठ्या फायली तिने उतरवून घेतल्या. त्या सगळ्या त्याच धुतलेल्या सीडीला फुगवून केलेल्या. वडील प्रत्येक फाईल ऐकत आणि मान हलवत. शेवटी एकदा म्हणाले, “इथे ताई श्वास घेते गं. तिच्यासाठी मी ठोका थांबवलाय. यात नुसतं भोक पडलंय.”

मग तिने मूळ टेपेचा माग काढला. ग्रंथालयाच्या यादीत मी सापडले, तर पुढे कारकुनाचा तो शेरा. ती हिरमुसली. तरी जाता जाता ती रेकॉर्डिस्टबाईंना भेटली. बाई आता काठी टेकत चालत होत्या, पण कडकपणा तसाच. शेरा ऐकून म्हणाल्या, “शब्द कळत नाहीत म्हणजे आवाज आहे की. उलटी लावली असेल मेल्याने.”

ग्रंथालयातल्या तंत्रज्ञाने मला तपासलं आणि मुलीला स्पष्ट सांगितलं, की चिकट टेप तशीच वाजवली तर लेप खरवडून निघेल. मंद आचेवर आठ तास शेकली, तर एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदाची खात्री नाही. फळं सुकवतात तसल्या पेटीत मी दिवसभर बसले. मित्रांनो, मी घाबरले होते. माझ्याजवळ ताईचा आवाज पुरा होता आणि तो द्यायला एकच संधी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सुरुवातीपर्यंत हळूहळू गुंडाळलं. शेजारी संगणक नवी प्रत उतरवून घ्यायला तयार होता. भाऊ स्पीकरला खेटून बसला, एक हात त्याच्या लाकडावर ठेवून. मी वाजू लागले. ताईच्या ओळी सुटल्या, ठोका थांबला, ताईने श्वास घेतला. भावानेही तिच्याबरोबर घेतला. प्रत्येक वेळी घेतला, शेवटच्या गाण्यापर्यंत.

शेवटचं गाणं संपलं तरी तंत्रज्ञाने मला थांबवलं नाही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बाईंनीही थांबवलं नव्हतं. गाण्यानंतर ताई भावाला काहीतरी विचारते, ते ना कॅसेटवर गेलं होतं, ना सीडीवर.

“बरं झालं का रे? परत घ्यायचं का?”

भाऊ स्पीकरकडे बघत म्हणाला, “नको ताई. असंच राहू दे.”

माझ्या अंगाचा थोडा लेप त्या यंत्राला लागून राहिला. मुलीने कापसाच्या बोळ्याने तो पुसला आणि बोळा फेकून न देता माझ्याच खोक्यात ठेवला. खोक्यावर आता नवी चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरांत, चारही बाजूंनी दोऱ्याने बांधलेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, त्यांच्या चिठ्ठ्या जपा. आवाज धुताना माणसाचा श्वास धुऊ नका. आणि कुणाला बिघडलेली म्हणण्याआधी एकदा दुसऱ्या टोकाकडून ऐकून बघा. आत कुणीतरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत असेल.